गारवाडचा वरचा मुलूख

गारवाडात बर्फ कोरडा असतो. तो केसांना चिकटतो, नाकात जातो, आणि फार वेळ त्यात खेळलं तर ठसका लागतो. लोक तोच बर्फ घरी आणतात, पिंजतात, खोळीत भरतात आणि त्याच्या गाद्यांवर झोपतात. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. गारवाडचं राज्य मी आणि माझ्या ताईने वसवलं, अमरावतीच्या आमच्या जुन्या घरात, एका लाकडी दिवाणाखाली. लहानपणीचे खेळ माणसं लहानपणीच सोडून देतात. आम्ही सोडला नाही. दोघींची लग्नं झाली, नोकऱ्या झाल्या, केस पांढरे झाले, तरी राज्य चालूच राहिलं. मागच्या मार्च महिन्यापर्यंत चालू होतं.

बर्फ कोरडा का, तर पडणारा बर्फ आम्ही पाहिलाच नव्हता. लादीचा बर्फ माहीत होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला वस्तीतली मोठी माणसं थंड पाण्याचा स्टॉल लावत. तेव्हा कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली, भुशाने माखलेली लादी यायची, आणि ती फोडताना उडालेले तुकडे उचलायला आम्ही टपलेलो असायचो. पण आभाळातून पडणारा आणि छपरांवर बसणारा बर्फ नुसता चित्रात. आमचा मामा धामणगावला जिनिंगमध्ये कामाला होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो की आवारात कापसाचे घराएवढे ढीग दिसायचे आणि हवेत तंतू उडत असायचे. ताईने एकदा त्या ढिगाकडे बोट दाखवून मला सांगितलं, “बर्फ असाच असते.” ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी कशाला शंका घेते?

राज्य वसलं ते मे महिन्याच्या दुपारी. अमरावतीची मे महिन्यातली दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आई दारं-खिडक्या लावून घ्यायची, कूलर सुरू करायची आणि जाहीर करायची की ती उठेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. सगळ्यात गार जागा दिवाणाखालच्या फरशीवर. आम्ही दोघी तिथे उताण्या पडायचो आणि तोंडावर हातभर अंतरावर दिवाणाच्या फळ्या असायच्या. ताईने शाळेतून खडूचे तुकडे आणले होते. त्या फळ्यांच्या खालच्या अंगाला आम्ही गारवाडचा नकाशा काढला. लाकडात एक काळी गाठ होती, ती राजधानी. ताई उशाकडे डोकं करून झोपायची म्हणून वरचा मुलूख तिचा, डोंगरांचा आणि दरबाराचा. मी पायथ्याकडे. माझ्या वाट्याला खालचा मुलूख आला, आणि मी त्यावरून पुष्कळ रडले.

गारवाडचा एक मोठा कायदा होता: लिहिलेलं पुसायचं नाही. आज हे फार थोर वाटतं, पण कारण साधं होतं. उताणं पडून वरचा खडू पुसला की सगळी भुकटी डोळ्यांत जाते. एकदा माझ्या गेली आणि मी बोंबलले, आई उठली, दोघींनाही धपाटे बसले. तेव्हापासून चूक झाली तर ती खोडायची नाही, ती का बरोबर आहे याचं कारण शोधायचं, असं ठरलं. गारवाडचा सगळा इतिहास असा आमच्या चुका निस्तरण्यातून तयार झालेला आहे.

आणि चुका काय कमी होत्या! बर्फाच्या देशात लोक बर्फ विकत घेत होते, किलोवर, गोणपाटात गुंडाळून. ताईने लिहून टाकल्यावर माझ्या लक्षात आलं की तिथे तर दाराबाहेरच बर्फ आहे. मग आम्ही दोन दुपारी विचार केला आणि ठरलं की रस्त्यावरचा बर्फ राजाचा असतो. एका राणीने तो उचलला म्हणून तिला दरबारात माफी मागावी लागली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक घर सरकारी दुकानातूनच बर्फ घेतं. दुपारी बारा वाजले की गारवाडची सगळी दारं बंद व्हायची. का? कारण तेव्हा राजा झोपतो आणि त्याची झोपमोड हा गुन्हा आहे. घराघरांत खिडकीला कूलर होते. त्याचं कारण शोधता शोधता आमची पुरती दमछाक झाली. शेवटी तो कूलर देवासारखा मानला जातो असं ठरवून आम्ही मोकळ्या झालो. पण संपूर्ण राज्यात उबेसाठी कोणी कधी शेकोटी पेटवली नाही. ते आमच्या डोक्यातच आलं नाही. माणसाला ऊब हवी असते ही कल्पना मे महिन्यात कुणाला सुचेल?

मी शाळेत इतिहास शिकवते. आठवीच्या मुलांना खरी राज्यं शिकवते, सनावळ्या, तह, महसूल. मुलं पाठ करतात आणि विसरतात. मला स्वतःला विचाराल तर गारवाडची वंशावळ मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. तिथे राजाचा मुलगा राजा होत नसे. राजा मेला की सगळे इच्छुक दरबारात उताणे झोपत, आणि जो सगळ्यात जास्त वेळ न हलता पडून राहील तो राजा. हा नियम अर्थात ताईचा. ती तासन्‌तास हलत नसे. मला दोन मिनिटं पडवत नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. अंगाला खाज सुटते, पाय आपोआप हलतात, वाटतं बाहेर काहीतरी चाललं आहे आणि आपण इथे पडून आहोत. गारवाडात चुळबुळ करणाऱ्यांना हद्दपार करून खालच्या मुलखात पाठवत. त्यामुळे माझा मुलूख सगळा असल्याच माणसांनी भरला: फेरीवाले, निरोपे, नाचे, आणि एका जागी बसून जेवण पूर्ण न करणारे लोक. तिथे घरांना उंबरे नव्हते. ताई म्हणायची, “तुह्या मुलखात कोनी टिकत नाई वं.” मला त्याचा अभिमानच वाटायचा.

सणसुद्धा होते. हिवाळा संपता संपता जुना बर्फ पिंजायचा सण यायचा. वर्षभर दबलेला बर्फ घराघरांतून बाहेर काढून ऊन दाखवायचा, काठीने झोडायचा आणि पुन्हा खोळीत भरायचा. त्या दिवशी जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजतात आणि बर्फ वितळत नाही, कारण कोरडा बर्फ वितळतच नाही. तो फक्त पेट घेतो. गारवाडात बर्फाला आग लागते, हे आम्हाला अजिबात विचित्र वाटलं नाही. मामाच्या जिनिंगमध्ये एकदा कापूस पेटलेला आम्ही पाहिला होता.

आणि एक पद होतं, थांबमंत्री. हे पद आमच्याच घरातून तिकडे गेलेलं. आमच्या घरी वाईट बातमी लगेच सांगायची पद्धत नव्हती. मामाला अपघात झाला ते मला माझी परीक्षा संपल्यावर कळलं. बाबांची नोकरीतली चौकशी संपून ते निर्दोष सुटले तेव्हा कळलं की चौकशी चालू होती. ताई मोठी म्हणून तिला आधी कळायचं आणि मला सांगायचं नाही अशी तिला ताकीद असायची. म्हणून गारवाडात वाईट बातमी आली की ती आधी थांबमंत्र्याकडे जायची. तो ती जपून ठेवायचा, लोकांची मनं तयार झाली की सोडायचा. एक राजा मेलेला आहे हे प्रजेला कित्येक वर्षांनी कळलं, आणि तोवर राज्य उत्तम चाललं होतं, असं आमच्या इतिहासात आहे. थांबमंत्री कायम वरच्या मुलखातला असे. आम्ही त्यावर पोट धरून हसायचो.

पुढे ताईचं लग्न झालं आणि ती अकोल्याला गेली. तिला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. मी अमरावतीतच राहिले. बाबा गेल्यावर आईला तिने आपल्याकडे नेलं आणि तो दिवाणही नेला, आईला त्याच्याशिवाय झोप येत नाही म्हणून. आम्ही फोनवर संसाराचं बोलायचो आणि शेवटी हमखास गारवाडवर यायचो. मी चाळिशीत नवऱ्यासोबत हिमाचलला गेले आणि पहिल्यांदा खरा बर्फ हातात घेतला. ओला, बोचरा, मुठीत धरला तर बोटं दुखायला लागली. मी तिथूनच ताईला फोन लावला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “तिथल्या लोकाईले बर्फ ठेवता येत नाई. ओला करून ठेवला त्याईनं.” मी त्या रस्त्यात उभी राहून इतकी हसले की नवऱ्याला वाटलं काही झालं.

मग आई गेली, आणि आमचं बोलणं बंद झालं.

झालं ते असं. आई आजारी पडली, तिला अकोल्यात दवाखान्यात ठेवलं. मी रोज फोन करायचे आणि ताई रोज सांगायची, “बरी हाये. वरन-भात खाल्ला.” मी म्हणायचे येऊन जाते. ती म्हणायची, “पोरीची बारावी हाये तुह्या, तिच्यापाशी राय. मी हावो ना.” एका सकाळी तिचा फोन आला, नुसतं “ये” म्हणाली. मी पोचले तेव्हा आई गेलेली होती, तिला घरी आणलेलं होतं. आई दोन आठवडे बोलत होती, माणसं ओळखत होती, शेजारपाजारचे सगळे भेटून गेले होते, आणि मी अमरावतीत बसून पोरीला पोळ्या करून घालत होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत मी गप्प राहिले. माणसं पांगल्यावर ताईला एवढंच विचारलं, “मले काहून नाई सांगतलं?” ती म्हणाली, “तू घाबरली असती.” मी बॅग उचलली आणि स्टँडवर आले.

तो राग खोटा नव्हता आणि आजही मी तो खोटा म्हणणार नाही. मला माझ्या आईशी शेवटचं बोलायचं होतं. ते कोणी माझ्या वतीने ठरवून टाकलं, तेही माझ्या काळजीपोटी. काळजीपोटी केलेल्या गोष्टीवर धड भांडताही येत नाही.

काही महिने गेले. एक दिवस शाळेत मधल्या सुट्टीत फोन वाजला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ताईचा मेसेज दिसला: “वरच्या दरबाराकडून खालच्या दरबारास. यंदा बर्फ पिंजण्याचा सण लांबणीवर. कळावे.” मी तो चार वेळा वाचला. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं, पण हा मेसेज ताईचा नव्हताच. हा दरबाराचा होता, आणि दोन दरबारांत काही भांडण नव्हतं. मी उत्तर टाकलं: “खालच्या दरबारास मान्य. आमचे लोक तसेही वेळेवर कुठे असतात?”

तेव्हापासून चार वर्षं आम्ही असं चालवलं. लग्नाकार्यात एका रांगेत जेवलो, एकमेकींकडे पाहिलं नाही, आणि घरी पोचल्यावर दरबाराचे मेसेज सुरू. “राणीच्या गुडघ्यास सूज. पायऱ्या चढणे बंद.” म्हणजे ताईचा गुडघा दुखतो आहे हे मला कळायचं. मी लिहायचे, “खालच्या मुलखातून निर्गुडीचा पाला रवाना,” आणि अकोल्याला जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर खरंच पाला पाठवायचे. माझी पोरगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा मी लिहिलं की राजकन्या देशाटनाला निघाली, आणि दुसऱ्याच आठवड्यात पोरीच्या हॉस्टेलवर तिळाच्या लाडवांचा डबा पोचला. नवरा म्हणायचा, “दोघीही लहान आहात का? फोन करा ना सरळ.” त्याचं बरोबर होतं, पण त्याला आमचं राज्य माहीत नव्हतं.

मागच्या मार्चमध्ये एका रविवारी मी गॅलरीत कूलरच्या जाळ्या काढून बसले होते. जुनं गवत काढायचं, नवं भरायचं, दरवर्षीचं काम. हात गवताने भरलेले आणि फोन वाजला. “वरच्या दरबाराकडून. वरचा मुलूख आजपासून खालच्या दरबाराच्या हवाली करीत आहोत. राजधानीसुद्धा. हरकत असल्यास कळवू नये.”

मी आधी हसले. मग हसणं थांबलं. ताई कोणाला काही देत नाही. म्हणजे पैसाअडका देईल, डबे देईल, पण वरच्या मुलखातली एक टेकडी मी लहानपणी मागितली होती तर तिने आठवडाभर माझ्याशी कट्टी घेतली होती. मी लिहिलं, “कारण कळवावे. गारवाडात कारणाशिवाय काही होत नाही.” दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर आलं नाही. मी लिहिलं, “राणी रुसली आहे काय?” पुन्हा निळ्या रेघा. मी हात धुतले, चहा ठेवला, ओतायला विसरले. आतल्या खोलीत गेले, बाहेर आले, कपाट उघडून बंद केलं. गॅलरीत गवत वाऱ्याने घरभर पसरत होतं आणि मी त्यावरून ये-जा करत होते. शेवटी लिहिलं, “खालच्या दरबारास मुलूख नको. परत घ्यावा.” तेही तिने वाचलं आणि सोडून दिलं.

नवरा वर्तमानपत्र वाचत होता. “फोन कर,” तो म्हणाला.

“आमचं बोलणं बंद आहे.”

“मग जाऊन ये. इथे फिरून फिरून फरशी झिजवू नकोस.”

मी साडीही बदलली नाही. स्टँडवर अकोल्याची बस लागलेली होती, तीत चढले. बडनेरा येईपर्यंत मी ताईवर चिडलेली होते: ही काय पद्धत, चार ओळी टाकायच्या आणि गप्प बसायचं. बडनेऱ्यानंतर भीती वाटायला लागली. शेजारच्या बाईने मला विचारलं, “तब्येत बरी नाई का बाई तुमची?” कारण मी सारखी सीटवरून उठून पुढचा रस्ता पाहत होते, जसं काही माझ्या पाहण्याने बस जोरात जाणार होती. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहाला उतरला. सगळे उतरले. मी बसच्या दारात उभी राहिले आणि त्या माणसाला चहा फुंकून पिताना पाहून मला त्याचा राग आला. गाडी सुटल्यावर मनात सगळी गणितं मांडली. भाऊजींना काही झालं असेल तर नातेवाइकांतून कळलं असतं. भाचा बंगळूरला सुखरूप आहे, त्याचा फोटो कालच दिसला होता. उरली ताई. मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही आणि खिडकीबाहेर कापूस निघून गेलेल्या शेतांतल्या काड्या पाहत राहिले.

ऑटोवाल्याला दोनदा चुकीची गल्ली सांगितली. ताईचं दार उघडंच होतं. ती पुढच्या खोलीत दिवाणावर बसली होती, समोर परातीत वर्षाचा गहू, आणि चष्मा नाकावर घसरलेला. भाऊजी घरी नव्हते. तिने मान वर केली, मला पाहून जराही दचकली नाही.

“आली?” चार वर्षांत ती मला उद्देशून बोललेला हा पहिला शब्द.

“मुलूख काहून सोडला?” मी दारातूनच विचारलं.

“बस पयले. पानी घे.”

“पानी नाई पायजे. काहून सोडला ते सांग.”

तिने परात बाजूला सरकवली. “तू यावं म्हनून.”

“म्हंजे?”

“राज्य असलं की तू येत नाई. नुसते मेसेज येते तुहे. राज्यच नसलं तं तुले यावं लागीन, एवढं मले माईत होतं.”

“मग फोन करायचा सरळ.”

“उचलला असता?”

उचलला असता की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी खोलीत इकडून तिकडे जायला लागले. तिथे जागा ती केवढी, तीन पावलांत भिंत.

“आन उचलला असता तं काय सांगतलं असतं?” ताई म्हणाली. “वरच्या दरबारात अमुक झालं, तमुक झालं? तिथं गुडघ्याची सूज सांगता येते. याच्याहून मोठं काई सांगताच येत नाई. आपनच तसं करून ठेवलं.” मग तिने चष्मा काढला. “माह्या छातीत गाठ निघाली. नागपूरले दाखवली. तुकडा तपासाले पाठवला होता. कॅन्सर हाये म्हनते.”

मी थांबले. मला वाटलं मी रडेन, पण आधी आला तो रागच. तोच जुना, चार वर्षांचा, जसाच्या तसा. “नागपूरले जाऊन आली, तपासनी झाली, आन मले आता सांगतं? आईच्या वेळी बी असंच केलं तू! भाऊजीले माईत, पोराले माईत, साऱ्या गल्लीले माईत असन, आन मी तिकडे कूलरचं गवत भरून राहिली! मी कोन हाये तुही? मले काहून शेवटी सांगतं नेहमी?”

मी बरंच बोलले. आवाज एवढा चढला की समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. ताईने मला बोलू दिलं. ती दिवाणावर तशीच, न हलता बसली होती.

“झालं?” ती म्हणाली. “कोनालेच नाई माईत.”

“काय?”

“नागपूरले ऑफिसच्या कामाचं सांगून गेली होती, एकटीच. तुह्या भाऊजीले आज संध्याकाई सांगीन, ते आल्यावर. पोराले त्याच्यानंतर. पयले तुलेच सांगतलं.”

मी तिच्याशेजारी बसले. चार वर्षं मला एकच गोष्ट हवी होती, की मला आधी सांगावं. ती मिळाली होती, आणि माझ्या मनात त्या क्षणी आलं ते हे, की नको होतं. दुसऱ्या कोणाला तरी आधी सांगायचं होतं. भाऊजींना सांगायचं होतं, मग त्यांनी मला सांगितलं असतं, थोडं थोडं करून, बसून, पाणी देऊन. आता हे घरात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं आणि भाऊजी येईपर्यंत ते आम्हालाच धरून बसायचं होतं. आईच्या वेळी ताईने हे दोन आठवडे एकटीने धरलं होतं आणि वर फोनवर मला वरण-भाताचं सांगत होती. माझा राग त्याने गेला असं नाही. पण तो कुठे ठेवायचा ते मला कळेना.

मी परातीतला मूठभर गहू घेतला आणि खडे शोधायला लागले. एकही खडा दिसला नाही, ताईने तो भाग आधीच निवडलेला असावा. तरी मी शोधत राहिले. ती माझ्याकडे पाहत होती. इतकी वर्षं मी तिला थांबताना, लपवताना, वाट पाहताना पाहिलं होतं, पण घाबरलेली कधी पाहिली नव्हती. आता ती घाबरलेली होती. ओठाचा कोपरा हलत होता आणि ती तो दाताने दाबून धरत होती.

“बोल ना वं काईतरी,” ती म्हणाली. “एवढी बडबड करतं.”

मला विचारायचं होतं की डॉक्टर काय म्हणाले, ऑपरेशन कधी, नागपूरलाच करायचं की मुंबईला, मी रजा किती टाकू.

“दुखते का?” मी विचारलं.

“नाई ना,” ताई म्हणाली आणि रडायला लागली. “दुखलं असतं तं लवकर समजलं असतं.”